चौफाळ्याचे संपादक

बुऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजचं साप्ताहिक दर शुक्रवारी संध्याकाळी तापीवर नेऊन धुतलं जाई.

हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, आणि मग बाईचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, हिला मराठीत काहीतरी वेगळंच म्हणायचं असेल, अशी स्वतःची समजूत घालतो. पण मला हेच म्हणायचं आहे. साप्ताहिक राजघाटावर धुतलं जाई, पिळलं जाई आणि इतवारा पेठेतल्या एका गच्चीवर वाळत घातलं जाई. ते कापडावर लिहिलेलं असे, आणि कापडावर असे कारण त्याचे संपादक बळीराम महाजन होते. याहून वेगळं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं.

साप्ताहिकाचं नाव ‘चौफाळा’. चार फाळ जोडून पांघरूण शिवतात, तसे मांजरपाटाचे चार लांब पट्टे शेजारी शेजारी शिवलेले. पहिला मराठीचा, दुसरा हिंदीचा, तिसरा गुजरातीचा, चौथा उर्दूचा. कापडाला मैद्याची दाट खळ द्यायची, ती वाळली की निखारे घातलेल्या तांब्यानं घोटायचं, आणि त्या गुळगुळीत थरावर बोरूनं लिहायचं. शाई खळीवर राहते, सुतात उतरत नाही. सोमवारी चौफाळा कॉलेजच्या व्हरांड्यात दोन खांबांच्या मध्ये टांगला जाई. आठवडाभर मुलं तो वाचत, कोणी बघत नसेल तर त्याला हातही पुसत. शुक्रवारी तो नदीत गेला की खळीबरोबर सगळी शाई, सगळे अग्रलेख आणि सरकारचे सगळे निषेध सुरतेच्या दिशेनं वाहून जात.

“सुरतवाल्यांनीही वाचावं,” संपादक म्हणत.

त्यांना सगळेच ‘संपादक’ म्हणत. प्राध्यापक, शिपाई, चहावाला, त्यांची मावशीसुद्धा. घर जवळच्या फोपनार गावचं, केळी पिकवणारं. लहानपणीच शिकण्यासाठी म्हणून त्यांना इतवाऱ्यात मावशीकडे आणून ठेवलं होतं. मावशीच्या यजमानांचं कापडाचं दुकान असल्यामुळे मांजरपाट घरचंच. अंगानं ते इतके बारीक होते, की टांगलेल्या चौफाळ्यामागे उभे राहिले तर फक्त चपला दिसत. आणि मधल्या सुट्टीत ते हमखास तिथंच उभे असत. वाचक काय म्हणतात ते ऐकायला. वाचकांना हे माहीत होतं.

“अरे यार, आजचा अग्रलेख एकदम जोरदार,” असं कोणी म्हटलं की कापडाखालच्या चपला एकमेकींना घासत. “कोई एडिटर साहब को नींद की दवा दो, खुद भी सोएँ, हमें भी सोने दें,” असं कोणी म्हटलं की त्या तिथल्या तिथं येरझारा घालू लागत. मी माझ्या वर्गाच्या दारातून या चपला पुष्कळ दिवस पाहिल्या होत्या. त्यांच्या मालकाशी बोलण्याची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

संपादकांकडे दोन मराठी होत्या. एक अग्रलेखाची आणि एक फोपनारची. अग्रलेखाची बोलताना ते छाती पुढे काढत. चिडले किंवा खूश झाले की फोपनार बाहेर येई.

अग्रलेखाच्या भाषेतला त्यांचा आवडता प्रश्न एकच होता, “आपली भूमिका?” तो ते कोणालाही विचारत. मावा जिलबी गरम खावी की गार, यावर हलवायाला त्याची भूमिका विचारत. माझे वडील सरकारी दवाखान्यात डॉक्टर. जबलपूरहून त्यांची बुऱ्हाणपूरला बदली झाली आणि पहिल्याच आठवड्यात गळू झालेला एक बारीक तरुण त्यांच्यापुढे आला. बाबांनी सुई हातात घेऊन त्याला पालथं व्हायला सांगितलं. तो पालथा झाला आणि मान वळवून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, हे टोचण्यामागची आपली भूमिका?”

बाबा घरी येऊन म्हणाले, “या गावात सांभाळून राहायला हवं.”

त्या दिवसांत राज्यांच्या सीमा नव्यानं आखायचं चाललं होतं. बुऱ्हाणपूर कुठं जाणार, यावर न्हाव्याच्या दुकानापासून कचेरीपर्यंत सगळीकडे वाद होता. कॉलेजात तर दुसरा विषयच नव्हता. मी मात्र वर्गात मागच्या बाकावर बसून, हजेरीला “प्रेझेंट” म्हणण्यापुरतीच बोलत होते. एके दिवशी व्हरांड्यातून जाताना त्या चपला अचानक कापडामागून बाहेर आल्या.

“कुमारी कर्णिक, राज्यपुनर्रचनेबाबत आपली भूमिका?”

“माझी काही भूमिका नाही,” मी म्हणाले. ते ऐकू जावं असा माझा हेतू नव्हता.

संपादकांचा चेहरा उजळला. “तटस्थ!” ते ओरडले. “अरे तिवारी, धाव! सापडली! आपल्या कॉलेजात एक तटस्थ हाये भो!”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कळवलं, की मराठी फाळावर यापुढे मी लिहायचं. आतापर्यंत तो ते स्वतः लिहीत होते, पण अग्रलेखाखेरीज संपादकानं स्वतः काही लिहिणं त्यांना नीतीला धरून वाटत नव्हतं. मी नाही म्हणणार होते. नाही म्हणायला मला नेहमीच थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्यांची मावशी केळ्यांचा घड घेऊन आमच्या घरी पोचल्यासुद्धा. त्या आईला म्हणाल्या, “पोरीची फिकर करू नका. मी खाली जिन्यापाशी बसेल असते. माझ्या नजरेखालून मांजर वर जात नाही.” आई केळ्यांकडे बघत म्हणाली, जाऊ दे शनिवारी दुपारी.

अशी मी मावशीच्या माडीवर पोचले. चौफाळा तिथंच दर शनिवारी लिहिला जाई.

सगळी खोली भरून चौफाळा पसरलेला असे. आम्ही चौघं आपापल्या फाळाशी मांडी घालून बसायचो. हिंदीचे तिवारी देहानं मोठे, लेखानं त्याहून मोठे. गुजरातीचा किशोर शहा पेढीवरून यायचा आणि लिहितानाही भाव ठरवत असल्यासारखा पुटपुटायचा. उर्दूचे सलीम अन्सारी घरच्या मागावर विणकाम करून यायचे. ते बोलायचे कमी, पण बोलले की बाकीच्यांना उत्तर सुचायला वेळ लागे. कापड एकच, त्यामुळे एकानं ओढलं की तिघांच्या ओळी वाकड्या. शिंकायचं असेल तर आधी सांगावं लागे.

“मी शिंकतोय,” शहा म्हणायचा. सगळ्यांनी बोरू उचलायचे. तो शिंकायचा. सगळ्यांनी बोरू टेकवायचे.

शिवण हीच सीमा. अन्सारींच्या ओळी उजवीकडून निघायच्या, शहाच्या डावीकडून, आणि दोघांची शिवणीवर टक्कर व्हायची. तिवारींना त्यांचा फाळ कधीच पुरत नसे. माझा मात्र अर्धाअधिक कोरा राही.

“संपादक जी,” तिवारी म्हणायचे, “कर्णिक जी की इतनी ज़मीन खाली पड़ी है. दो बीघा हमें दिलवा दीजिए.”

“सीमेचा प्रश्न!” संपादक टेप घेऊन धावायचे. ते कापडावर रांगत मोजमाप घ्यायचे, आणि त्यांच्या गुडघ्यांनी आम्हा चौघांचे लेख पुसट व्हायचे.

बुऱ्हाणपूर कुठं जावं यावर तर दर शनिवारी युद्ध. तिवारींच्या मते ते आहे तिथं, मध्य प्रदेशातच राहावं, कारण त्यांचे सासरे खंडव्याला होते आणि राज्य बदललं तर सासुरवाडी परदेश होईल. शहा म्हणे, तापी सुरतेला जाते, तर तापीकाठचं गाव नदीबरोबर गुजरातेत जायला पाहिजे. अन्सारींना विचारलं की ते म्हणत, “भाई, हम तो करघे के साथ हैं. करघे को जहाँ ले जाओ, हम धागा पकड़ के पीछे-पीछे.” मराठी मुलांचं म्हणणं महाराष्ट्रात जावं असं होतं, ते मी त्यांच्या वतीनं, कोणी नाराज होणार नाही अशा शब्दांत लिहून टाकायची.

संपादकांचं म्हणणं निराळंच होतं. बुऱ्हाणपूरनं कुठंही जाऊ नये, बाकीच्यांनी बुऱ्हाणपूरला यावं. राजधानी भोपाळला की जबलपूरला, यावर तेव्हा भांडणं चालली होती. संपादक दोन्ही नावं ऐकली की कानांवर हात ठेवत. “मोगल बादशहा इथं राहून गेले. त्यांचे हमामखाने तयार आहेत. मंत्र्यांनी नुसतं पंचा घेऊन यायचं!”

“और विधानसभा कहाँ बैठेगी?” तिवारी विचारत.

“मावशीच्या गच्चीवर बसंन, तुमच्या बापाचं काय जातं?” हे फोपनार.

मग चहा येई. मावशीच्या चहात आलं इतकं असे की चौघांच्याही डोळ्यांना पाणी येई आणि युद्ध थांबे.

एकदा व्हरांड्यात शेळी शिरली. खळ मैद्याची, म्हणजे तिच्या दृष्टीनं जेवणच टांगलेलं. तिनं संपादकांच्या खास अग्रलेखाचा खालचा भाग मन लावून खाल्ला. आम्ही घाबरून त्यांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “शेवटपर्यंत गेली का? इतर वाचक मधेच सोडतात.” मावशीनं तिथं ठिगळ लावलं. पुढं त्या ठिगळावर कोणी लिहायचं यावरूनही भांडण झालं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका शुक्रवारी मावशीकडे पाहुणे आले आणि घरातला मैदा शंकरपाळ्यांत गेला. उरलेल्या चिमूटभर मैद्याची संपादकांनी खळ केली. ती इतकी पातळ झाली की शाई तिच्यातून थेट सुतात उतरली. त्या आठवड्यात तिवारींनी कॉलेजच्या खेळाच्या सामानाबद्दल जळजळीत लेख लिहिला होता. मोठी अक्षरं होती, “यह षड्यंत्र किसका?” त्याखाली “सारा सामान कहाँ गया?” आणि शेवटी “जाँच हो!”

पुढच्या शुक्रवारी संपादकांनी कापड राजघाटावर आपटलं, घासलं, वाळूनं चोळलं. अक्षरं फिकी झाली, गेली नाहीत. वरून दाट खळ दिली तेव्हा दिसेनाशी झाली, म्हणून सगळे निश्चिंत झाले. तिवारींनी त्यावर नवी बातमी लिहिली, “प्राचार्य महोदय की सुपुत्री का विवाह सानंद संपन्न.” सोमवारी चौफाळा टांगला. सकाळचं ऊन मागून आलं, आणि खालची निळी अक्षरं उठून वर आली.

त्याच सोमवारी प्राचार्य आपल्या नव्या जावयाला कॉलेज दाखवायला घेऊन आले होते.

जावई चौफाळ्यापुढे उभे राहिले आणि स्पष्ट उच्चारात वाचू लागले. “प्राचार्य महोदय की सुपुत्री का विवाह सानंद संपन्न. यह षड्यंत्र किसका?” ते थांबले. पुन्हा वाकले. “सारा सामान कहाँ गया?”

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“बाबूजी,” जावई म्हणाले, “यह जाँच किस बात की हो?”

कापडाखालच्या चपला आधी स्तब्ध झाल्या. मग त्या हळूच, एकामागून एक, बाजूला सरकत खांबाआड गेल्या.

प्राचार्य खरं तर चांगले गृहस्थ होते. त्यांनी आम्हा पाचही जणांना खोलीत बोलावलं आणि शिक्षा केली नाही, उलट बक्षीस दिलं. कार्यालयात नवं सायक्लोस्टाईल यंत्र आलं होतं. कागद, शाई, सगळं कॉलेजकडून मिळणार होतं. “हा धोबीघाट आता बंद,” ते म्हणाले. “प्रत्येकानं घरी बसून नीट लिहा आणि कार्यालयातल्या पेटीत आणून टाका. महाजन, तुम्हीच संपादक राहाल.”

“कागद फाटतो, सर,” संपादक म्हणाले.

“कापडही फाटतं.”

“कागद शेळी खाते.”

“महाजन, शेळीनं काय काय खाल्लंय ते मला माहीत आहे.”

संपादकांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघं प्राचार्यांच्या टेबलाकडे बघत राहिलो. मग ते अग्रलेखाच्या आवाजात, पण जरा घाईनं म्हणाले, “कागद माणसाच्या घरी जातो, सर. कापडाकडे माणसाला यावं लागतं.”

“तेच तर म्हणतोय मी! घरोघरी जाईल!” प्राचार्य आनंदानं म्हणाले, आणि विषय संपला.

खरं सांगायचं तर चौघांचीही सोय झाली होती. तिवारी आता लोडाला टेकून लिहू लागले. शहा पेढीवर, गिऱ्हाईक नसताना. अन्सारी मागाशेजारी. माझी आईही खूश होती, कारण शनिवारी दुपारी मी घरात असे. ‘चौफाळा’ स्वच्छ दिसू लागला. ओळी सरळ आल्या. कोणी कोणाच्या हद्दीत शिरलं नाही. मी तिवारींचा लेख छापून आल्यावर वाचत होते, ते माझा वाचत होते की नाही कोण जाणे. एकमेकांना टोमणा मारायचा तर तो आता पेटीत टाकावा लागे, आणि तेवढ्या वेळात त्याची हौस निघून जाई.

संपादक पेटी उघडत, कागद लावत, सही करत. मधल्या सुट्टीत मात्र त्यांना कुठं उभं राहावं ते कळत नसे. एकदा मी वर्गाच्या दारातून पाहिलं, तर ते त्या दोन खांबांच्या मध्ये उभे होते. आता पुढं कापड नव्हतं, त्यामुळे सगळेच दिसत होते. येणारेजाणारे “काय संपादक” म्हणून पुढे जात होते.

पुढं एका शनिवारी माझा लेख वेळेत पूर्ण झाला नाही आणि कॉलेजचं कार्यालय बंद झालं. सोमवारी अंक निघायचा होता. म्हणून मी कागदाची घडी घेऊन इतवाऱ्यात गेले. मावशी जिन्यापाशी गहू निवडत बसल्या होत्या.

“ये व बाई,” त्या म्हणाल्या. “किती दिसांनी! वर जा. पन जरा खोकून जा. बोलत बसेल हाये.”

“कोण आलंय वर?”

“कोन येते आता?” मावशी म्हणाल्या आणि सुपातले खडे वेचू लागल्या.

मी खोकायला विसरले. वर चौफाळा पसरलेला होता, खळ देऊन, घोटून, आरशासारखा. चारही फाळांशी एकेक दौत ठेवलेली होती. संपादक हिंदीच्या फाळाशी तिवारींसारखे पाय फाकवून बसले होते आणि जाड आवाजात स्वतःशीच बोलत लिहीत होते. मग ते उठले, गुजरातीच्या फाळाशी जाऊन बसले, आणि तिथून हिंदीच्या फाळाकडे बघून काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात मी दिसले.

“कापडाची चाचणी घेतोय,” ते छाती काढून म्हणाले. “संशोधन.”

मी खाली पाहिलं. हिंदीत लिहिलं होतं, “एडिटर साहब, आप राजधानी बुरहानपुर लाइए, तब तक हम ससुराल जाकर खाना खा आते हैं.” अक्षरसुद्धा तिवारींचंच वाटत होतं. गुजरातीत संपादकांना कापडाचा भाव कळत नाही, असं काहीसं होतं. उर्दूच्या फाळावर लहान मुलानं काढावीत तशी थरथरती अक्षरं होती.

“हे काय आहे?”

“इथं अन्सारी म्हनतो का हे उर्दू नोहे, मुंग्या फिरून राहिल्या,” ते म्हणाले. अग्रलेखाची मराठी केव्हाच सुटली होती. “खरं हाये त्याचं. मले येत नाही.”

सगळी टीका त्यांच्यावरच होती. तीन भाषांत, तिघांच्या तोंडी, त्यांनी स्वतःला नावं ठेवली होती. मराठीचा फाळ मात्र पांढराशुभ्र होता.

मी त्याच्याकडे बघते आहे हे त्यांना दिसलं.

“तो नाही जमला,” ते म्हणाले. “ते तिघं काय म्हनतीन हे मले पाठ झालं. तुम्ही इतक्या शनिवारी बसल्या इथं, पन काय म्हनाल ते काही केल्या कळेना. बोरू बुडवतो अन् शाई वाळून जाते.”

हातातला घडी केलेला कागद मी कोनाड्यात ठेवला आणि मराठीच्या फाळाशी बसले. त्यांनी दौत तेवढी माझ्याकडे सरकवली. मी लिहू लागले. पलीकडे कोणीच बसलेलं नसल्यामुळे कापड माझ्या हाताबरोबर सरकू लागलं, तसे ते समोर जाऊन बसले आणि त्यांनी ते दोन्ही मुठींत ताणून धरलं.

मी काही फार मोठं लिहीत नव्हते. या माडीवरचा चहा पिण्याजोगा नसतो, त्यात आलं फार असतं, आणि संपादकांनी आजवर याविरुद्ध एक शब्दही काढलेला नाही, हा भित्रेपणा आहे, एवढंच लिहीत होते. लिहिता लिहिता ते वाढत गेलं आणि शिवणीच्या पलीकडे, तिवारींच्या जमिनीत गेलं. संपादक मान वाकडी करून उलट्या बाजूनं एकेक अक्षर वाचत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

खालून मावशीनं हाक मारली, “संपादक, चहा टाकू का रे?”

“थांब व मावशी!” ते मुठी न सोडता ओरडले. “माझ्यावर टीका चालू हाये!”